जुन्या गेम-कॅसेटींतील घड्याळ : दोष आणि त्याचे निदान

हातात धरून खेळावयाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या काही कॅसेटींत एक स्वतंत्र घड्याळ असते. यंत्र बंद असले, कॅसेट कपाटात ठेवलेली असली, तरी ते चालू राहते, आणि खेळातील दिवसरात्र त्यावरून ठरते. गेम बॉय यंत्राकरिता 1999 साली जपानात निघालेले ‘पोकेमॉन गोल्ड’ व ‘सिल्व्हर’, तसेच 2002 साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सकरिता निघालेले ‘रुबी’ व ‘सफायर’ ही याची परिचित उदाहरणे होत. ह्यांतील अनेक घड्याळे आता बंद पडली आहेत. दोष दिसताच सेल बदलावा, असा सर्वसाधारण समज आहे. तो कोठे अपुरा पडतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अशा घड्याळाची अंगे तीन : 3 व्होल्टचा लिथियम सेल, सेकंदास 32,768 वेळा कंप पावणारा क्वार्ट्‌झ स्फटिक, आणि ते कंप मोजणारे मंडल. 32,768 ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली असता 1 उरतो. म्हणजेच सेकंदाला एक ठोका मिळतो. ‘गोल्ड’मधील मंडल सेकंद, मिनिटे, तास व 0 ते 511 पर्यंतचे दिवस मोजते.

पहिला प्रश्न असा, की घड्याळ थांबले आहे की चुकत आहे? थांबले असल्यास सेलचा विद्युद्दाब मोजावा. चुकत असल्यास गणित करावे. अशा स्फटिकाची चूक सामान्यतः दशलक्षांत 20 भागांच्या आसपास असते. म्हणजे दिवसाला सुमारे 1.7 सेकंद. रोज एक मिनिट मागे पडणे ही चूक दशलक्षांत जवळजवळ 700 भागांची झाली. तिचा दोष स्फटिकाच्या स्वाभाविक मर्यादेवर ढकलता येत नाही.

उष्णतेवरही तो ढकलता येत नाही. 25 अंश सेल्सिअसला अचूक असलेला स्फटिक 35 अंशांस दिवसाला सुमारे 0.3 सेकंदच मागे पडतो. दमट हवेची गोष्ट मात्र वेगळी. रत्नागिरीस वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्राची खारी हवा बारमाही असते. मंडलाच्या पट्टीवर बसलेला क्षारांचा थर ओलावा धरतो व त्यातून सूक्ष्म प्रवाह झिरपतो. त्यामुळे सेल लवकर संपतो, आणि अत्यल्प शक्तीवर चालणाऱ्या स्फटिकाचे कंपनही बिघडते किंवा थांबते. म्हणून पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून व पूर्ण वाळवून पुन्हा परीक्षा घ्यावी; निष्कर्ष त्यानंतर काढावा.

काही वेळा यंत्ररचना निर्दोष असून चूक आज्ञावलीत असते. ‘रुबी’ व ‘सफायर’च्या आरंभीच्या प्रतींत घड्याळ सुमारे वर्षभर चालल्यावर दिवसांच्या हिशेबात चूक होते आणि खेळातील झाडांची वाढ खुंटते. येथे नवा सेल घालून काहीच साधत नाही.

सेल काढण्यापूर्वीचा विचार सर्वांत महत्त्वाचा. ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’मध्ये घड्याळ आणि खेळाची साठविलेली नोंद ही दोन्ही एकाच सेलवर जगतात. तो काढताच कोणाच्या तरी बालपणीची नोंद कायमची पुसली जाते. यास्तव तिची प्रत प्रथम संगणकावर उतरवून घ्यावी. ‘रुबी’ व ‘सफायर’मध्ये नोंद फ्लॅश स्मृतीत असल्याने ही भीती नाही. परंतु नव्या सेलनंतर घड्याळ आरंभीच्या तारखेपासून चालू होते, आणि नोंदीत त्यापुढचा काळ असतो. घड्याळ तो काळ गाठीपर्यंत कालाधीन घटना घडत नाहीत. ह्याला दुरुस्तीतील दोष समजू नये.

नवा सेल जोडपट्ट्या लावलेलाच घ्यावा. सेलवर प्रत्यक्ष सोल्डर करू नये. उष्णतेने तो फुटण्याचा संभव असतो.

सारांश, आधी नोंदीची प्रत, मग मोजमाप, मग स्वच्छता, आणि शेवटी सेल, हा क्रम पाळावा. घड्याळाला नवा सेल घालता येतो. पुसलेली नोंद मात्र परत मिळत नाही.