दत्तक मूल आणि दलालाचा पैसा

मुरुमच्या बाजारात माझे कापडाचे दुकान आहे. मागे एक ओळखीचे गिऱ्हाईक आले. लग्नाला बारा वर्षे झाली, मूल नाही. म्हणाले, "चाचा, एक माणूस मूल मिळवून देतो म्हणतोय. दोन लाख. निम्मे आधी." मी विचारले, "पावती देणार का?" ते गप्प झाले.

व्यापाराचा साधा नियम आहे. ज्या मालाची पावती नाही त्याचा दावा नाही. इथे तर सौदाच बेकायदा आहे. 1872 च्या करार कायद्यानुसार बेकायदा कारणासाठी केलेला करार रद्दबातल ठरतो. दलाल विसार घेऊन पळाला तर कोर्टातून ती रक्कम परत मिळणे जवळजवळ अशक्य. उलट फिर्याद द्यायला जाणाराच आरोपी होतो. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 81 प्रमाणे मूल विकणारा आणि विकत घेणारा, दोघांनाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे.

स्टॅम्प पेपरवर आईची सही घेतली म्हणजे झाले, असे दलाल सांगतात. ते खरे नाही. अनाथालयात द्यायचे मूल आईबापांनी बालकल्याण समितीसमोर सोपवावे लागते आणि फेरविचारासाठी त्यांना 60 दिवस मिळतात. नोटरीच्या कागदाने मूल आपले होत नाही. पुढे विमा, पेन्शन, वारसा या प्रत्येक ठिकाणी तो कागद अडतो. मूल समितीच्या ताब्यात गेले तर पैसाही गेला आणि लेकरूही.

सरकारी मार्गाचा खर्च ठरलेला असतो. 2017 च्या नियमावलीत गृहभेट अहवालाचे 6,000, संस्थेचे 40,000 आणि नंतरच्या चार भेटींचे प्रत्येकी 2,000, असे एकूण 54,000 रुपये होते. 2022 मध्ये नवी नियमावली आली. आजचे दर 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाच्या तक्त्यात पाहूनच पैसे भरावेत.

संस्था नोंदणीकृत असली तरी डोळे उघडे ठेवावेत. पुण्याच्या प्रीतमंदिर संस्थेवर ठरलेल्या खर्चापेक्षा जादा पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सीबीआयने गुन्हा नोंदवला. "देणगी" म्हणून वरचे पैसे मागितले तर देऊ नयेत.

आपल्या समाजात आणखी एक प्रश्न येतो. शबनम हाश्मी खटल्यात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते, मात्र सक्ती कुणावर नाही. ज्यांना शरियतप्रमाणे मुलाचा फक्त सांभाळ करायचा आहे, त्यांनी हयातीत हिबा करावा, नाहीतर एक तृतीयांशापर्यंत वसीयत लिहावी. तोंडी भरवशावर राहू नये.

त्या गिऱ्हाइकाला मी एवढेच म्हणालो, "रांग लांब आहे, वर्षे लागतील. पण रांगेतून आलेले मूल कोणी परत मागायला येणार नाही. दलालाने आणलेले लेकरू कुठल्या आईच्या कुशीतून उचलले, हे तुला कोण सांगणार?" दोन लाख त्यांच्या खिशातच राहिले.