कडेची जागा आणि मधली जागा
सायकल आणि रस्ता : लेखांक ६

गेल्या लेखांकात ब्रेक, घंटा आणि दिवा या सायकलीच्या सरंजामाचा आपण विचार केला. परंतु सरंजाम कितीही चोख असला, तरी स्वार रस्त्याच्या नेमक्या कोणत्या भागातून चालतो, यावर त्याची सुरक्षितता बव्हंशी अवलंबून असते. ‘कडेकडेने चालव’ हा उपदेश आपल्याकडे पहिली सायकल हाती येते त्याच दिवशी मिळतो, आणि त्यामागील वडीलधाऱ्यांची माया निर्विवाद असली, तरी त्यातील शहाणपण तपासून घेण्याजोगे आहे.

तीन मीटर रुंदीची एक मार्गिका घ्या. काठापासून अर्धा मीटर अंतर राखून चालणाऱ्या सायकलीच्या हँडलाचे उजवे टोक काठापासून सुमारे ८० सेंटिमीटरवर येते, आणि लहान मोटारीलाही, आरसे वगळून, सुमारे १.७५ मीटर जागा लागते; तेव्हा दोहोंमध्ये अर्धा मीटरही शिल्लक राहत नाही. अशा रस्त्यावर स्वाराने अंग कितीही चोरले, तरी शेजारच्या मार्गिकेत शिरल्यावाचून मोटारीला त्याच्या पुढे निर्धोकपणे जाता येत नाही. अंग चोरल्याने साध्य होते ते इतकेच, की ‘निघेल एवढ्यातून’ असा भ्रम चालकाच्या मनात उत्पन्न होतो.

शिवाय ती कड तरी कोठे निष्कंटक आहे? चेंबरची खचलेली झाकणे, वाहून आलेली वाळू, उतारू दिसताच वळणारी रिक्षा, आणि या सर्वांहून घातक म्हणजे उभ्या मोटारीचे अवचित उघडणारे दार. ताशी १८ किलोमीटर या बेताच्या वेगानेही सायकल सेकंदाला ५ मीटर कापते. दार हलल्याचे ध्यानात येऊन बोटे ब्रेकवर पडेपर्यंत एका मोटारीच्या लांबीएवढे अंतर मागे पडलेले असते. म्हणून उभ्या मोटारींपासून निदान एक मीटर दूर राहावे, आणि दोन मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरून पुन्हा बाहेर येण्याची नागमोडी चाल कटाक्षाने टाळावी.

आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने वाहने हाकणाऱ्या इंग्लंडात जॉन फ्रँकलिन यांनी १९८८ साली ‘सायकलक्राफ्ट’ या पुस्तकात स्वाराच्या दोन जागा सांगितल्या : रस्ता अरुंद असेल किंवा चौक जवळ आला असेल तेव्हा मार्गिकेचा मध्य, आणि रस्ता ऐसपैस असेल तेव्हा वाहत्या रहदारीच्या डावीकडे, परंतु काठापासून अर्ध्या मीटरहून जवळ कदापि नाही. जानेवारी २०२२ मध्ये तेथील ‘हायवे कोड’ या सरकारी नियमावलीनेही शांत रस्त्यावर, मंद रहदारीत आणि चौकापाशी मध्यावरून चालण्याचा सल्ला स्वारास दिला, आणि ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने सायकलीला ओलांडताना किमान १.५ मीटर अंतर सोडण्याची सूचना चालकांस केली. मोटारीचे दार विरुद्ध हाताने उघडावे, म्हणजे मान आपोआप वळून मागून येणारा दिसतो, ही सूचनाही त्याच वेळची.

तथापि मधली जागा म्हणजे काही कायमची वहिवाट नव्हे. मागून वेगवान वाहन येत असेल आणि बाजूला होण्यास खरोखर जागा असेल, तर त्यास वाट देणे यात सौजन्यही आहे आणि शहाणपणही. भरधाव महामार्गावर तर मध्याचा हट्ट धरूच नये. जागा बदलण्यापूर्वी उजव्या खांद्यावरून मागे पाहावे, हात दाखवावा, आणि चालकाने आपल्याला पाहिले आहे अशी खात्री पटल्यावरच सरकावे. ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या अंगाने पुढे घुसण्याचे साहस मात्र कधीही करू नये. ड्रायव्हरला ती बाजू पुरती दिसत नाही, म्हणून तर क्लीनर खिडकीतून हात काढून पत्रा थोपटत असतो.

सायकलींसाठी स्वतंत्र आणि अखंड मार्ग असणे हा सर्वोत्तम बंदोबस्त होय, आणि तो मागण्याचा नागरिकांना पूर्ण हक्क आहे. पण तो होईपर्यंत स्वाराने स्पष्ट दिसेल अशा ठिकाणी, एका सरळ रेषेत चालावे, आणि ज्यांच्या हाती मोटारीचे चाक आहे अशा वाचकांनी, पुढची सायकल मध्यावर दिसताच हॉर्नवर हात ठेवण्याऐवजी वेग कमी करावा.

(पुढील लेखांकात : चौकातील उजवे वळण)