दत्तकाचा कागद आणि कॉलेजची फी

बारावीचा निकाल लागला की साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, सेतू केंद्रांपुढं सकाळपासून रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, रेशनकार्डाची झेरॉक्स. कॅप राउंडची तारीख डोक्यावर असते आणि एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात. या रांगेत अशीही मुलं असतात की त्यांच्याकडं मागितलेला कागद कधी तयारच झालेला नसतो, किंवा तयार झालेला असूनही कायद्यानं गोपनीय असतो. संस्थेत वाढलेली अनाथ मुलं ही त्यातली काही, आणि दत्तक गेलेली मुलं ही बाकीची. फी माफीवर एवढं बोललं जातं, पण त्यात यांचं नाव क्वचितच निघतं. म्हणूनच हा लेख.

दत्तकाचा कागद सरकारनं मान्य केला नाही तर काय होतं, हे या भागाइतकं कोणाला ठाऊक असणार? 5 एप्रिल 1848 रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. त्यांना मूल नव्हतं, म्हणून मृत्यूपूर्वी त्यांनी व्यंकटराव यांना दत्तक घेतलं होतं. आप्पासाहेबांच्या आधी सहाच महिने, पदच्युत होऊन काशीत राहिलेले त्यांचे थोरले बंधू प्रतापसिंह महाराज वारले होते. त्यांनीही दत्तक घेतलेला होता. साताऱ्याचे तेव्हाचे रेसिडेंट बार्टल फ्रियर यांचं मत दत्तकाच्या बाजूनं पडलं आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनीही राज्य खालसा करायला विरोध नोंदवला. तरीही गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य घेतलंच. त्याचा युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे. खासगी मालमत्तेपुरता दत्तक चालेल, पण सत्तेच्या वारशाला सार्वभौम सरकारची मंजुरी लागेल, असं तो म्हणत होता. एकच दत्तकविधान एका कामाला खरं आणि दुसऱ्या कामाला खोटं, असं त्यानं ठरवून टाकलं. दत्तकाचा हक्क मिळवण्यासाठी राण्यांनी अर्जांमागून अर्ज केले. रंगो बापूजी गुप्ते तर त्याआधीपासून साताऱ्याची दाद मागत लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिले होते. उपयोग झाला नाही.

1857 च्या उठावानंतर इंग्रजांना शहाणपण आलं आणि 1862 मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. सांगलीच्या पटवर्धनांकडं अशी सनद होती. म्हणूनच धुंडिराजराव 1901 मध्ये निपुत्रिक वारले तरी सांगली खालसा झाली नाही. दत्तक गेलेले विनायकराव 1903 मध्ये चिंतामणराव या नावानं गादीवर आले आणि संस्थान विलीन होईपर्यंत त्यांनी राज्य केलं. विलिंग्डन कॉलेज सुरू झालं ते त्यांच्याच कारकिर्दीत, 1919 मध्ये. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या वारशात फरक पडला तो एका सनदेमुळं.

आजचा कायदा दत्तकाच्या बाजूनं खणखणीत उभा आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार मूल दत्तक गेलं की त्या दिवसापासून जन्मघराशी असलेलं त्याचं कायदेशीर नातं संपतं आणि नव्या घराशी जुळतं. दत्तहोम झाला नाही म्हणून दत्तक रद्द ठरत नाही, मूल प्रत्यक्ष देणं-घेणं मात्र व्हावं लागतं. दस्त नोंदणी कार्यालयात दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर कोर्ट ते खरं धरून चालतं आणि ते खोटं आहे हे विरोधकानं सिद्ध करायचं असतं. आपल्याकडं चुलत्यानं पुतण्याला मांडीवर घेतलं, गावजेवण झालं, सातबाऱ्यावर वारस नोंदही झाली, पण दत्तकपत्र नोंदवायचं राहूनच गेलं, असं पुष्कळ घरांत झालेलं असतं. जमिनीच्या वेळी ते निभावतं. कॉलेजच्या खिडकीवर मात्र अडतं.

संस्थेतून मूल घेतलं असेल तर बाल न्याय कायदा लागू होतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर, सप्टेंबर 2022 पासून, दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर जन्मदाखला नव्यानं मिळतो आणि त्यावर आई-वडील म्हणून दत्तक घेणाऱ्यांचीच नावं येतात. मूळ नोंदी संस्थेत आणि सरकारकडं गोपनीय राहतात. मूल अठरा वर्षांचं झालं की आपला उगम शोधण्यासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत अर्ज करता येतो आणि त्याआधी दत्तक आई-वडिलांसोबत. परक्या माणसाला मात्र हा शोध घेता येत नाही. मूल सोपवताना जन्मदात्या आईनं आपलं नाव उघड करायला नकार दिला असेल तर तो नकार पाळला जातो. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. गावात अजूनही अशा आईला दुसऱ्यांदा जगणं अवघड केलं जातं.

आता फीकडं वळू. या पट्ट्याचं फीशी असलेलं नातंही वेगळं आहे. कराड तालुक्यातल्या काले गावी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढं साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह चालवलं. त्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने मोडले. 1947 मध्ये शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’ याच पायावर. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या आणि लहानपणीच वडिलांचं छत्र हरपलेल्या यशवंतराव चव्हाणांनी मुख्यमंत्री झाल्यावर आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफ केली. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ती ‘ईबीसी’ म्हणून राहिली. पुढं 1983 मध्ये सांगलीच्याच वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्यामुळं गावाजवळ कॉलेजं झाली, हजारो मुलं इंजिनिअर झाली आणि फी हा घरातला सर्वात मोठा खर्चही झाला. दादांचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, त्याशिवाय ही कॉलेजं इथं आलीच नसती. पण त्या दिवसापासून फी माफीचा कागद हा शिक्षणाचा दरवाजा ठरला.

या दरवाजाची आजची मोजमापं अशी आहेत. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, वार्षिक 8 लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात 50 ऐवजी 100 टक्के सवलत मिळाली. त्याच निर्णयात अनाथ मुला-मुलींनाही पूर्ण सवलत दिली गेली. या ओळीकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. म्हणजे सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी चालेल, पण कराडचं कृष्णा किंवा सांगलीचं भारती विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय घेतलं तर माफी मिळणार नाही. मुलं प्रवेश पक्का करून बसतात आणि मग हे कळतं. फॉर्म भरतानाच कुणीतरी सांगायला हवं.

अनाथांना 2018 पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या एका मुलीला स्पर्धा परीक्षेत गुण असूनही नॉन-क्रिमीलेअरचा दाखला देता आला नाही. तिनं पाठपुरावा केला आणि त्यातून ही तरतूद झाली. सवलतीची किल्ली म्हणजे अनाथ प्रमाणपत्र. प्रस्ताव जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून पुण्याच्या विभागीय उपायुक्तांकडं जातो. 2023 च्या निर्णयानं संस्थेत वाढलेले आणि आई-वडील गेल्यावर नातेवाइकांकडं वाढलेले, असे दोन वर्ग केले आहेत.

प्रत्यक्षात अडतं कुठं? महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर पालकांची माहिती भरताना प्रश्न येतो, वडील हयात आहेत का? देवळाच्या पायरीवर सापडलेल्या मुलानं इथं काय लिहायचं? ‘हो’ लिहिलं तर उत्पन्नाचा दाखला मागितला जातो, ‘नाही’ लिहिलं तर मृत्यूचा. दोन्ही दाखले त्याच्यापाशी नाहीत. सातवी-आठवीत दत्तक गेलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. शाळेच्या जनरल रजिस्टरला जुन्या वडिलांचं नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच आणि आधारकार्डावर नवं. कॉलेजचा क्लार्क दोन्ही कागद शेजारी ठेवतो आणि विचारतो, “तुझे खरे वडील कोण?” सतरा वर्षांच्या पोराला, मागं रांग उभी असताना! हा प्रश्न कुठल्याही नियमात लिहिलेला नाही आणि तो विचारायचा कुणाला अधिकारही नाही.

सर्वात अवघड गाठ जातीची आहे. वल्सम्मा पॉल प्रकरणात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पुढारलेल्या घरात वाढून विवाहानं किंवा दत्तकानं मागास कुटुंबात आलेल्याला आरक्षणाचा लाभ आपोआप मिळत नाही. आरक्षणासाठी खोटं दत्तक घेतलं जाईल ही भीती निराधार नाही, आणि ज्यांचा हक्क त्यातून हिरावला जाईल त्यांचं रक्षण व्हायलाच हवं. पण संस्थेतून सहा महिन्यांचं असताना घरी आलेलं मूल कोणत्या सुस्थितीत वाढून आलं? त्यानं जे सोसलं ते त्या घरातच सोसलं. रमेशभाई नायका प्रकरणात 2012 मध्ये याच न्यायालयानं आंतरजातीय विवाहातल्या मुलाबाबत, ते प्रत्यक्षात कसं वाढलं हे पाहा, अशी भूमिका घेतली. तान्हेपणी दत्तक गेलेल्यांना हीच कसोटी लावावी, असं माझं ठाम मत आहे. तोवर निदान फी माफी तरी जातीच्या दाखल्यावाचून केवळ उत्पन्नावर द्यायला काय हरकत आहे?

आणि दाखले तरी मुलानं का गोळा करायचे? दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. उत्पन्नाचा दाखला त्यांच्याच हाताखालचे तहसीलदार देतात, जातीचा प्रांत देतात. हे तिन्ही कागद एकाच महसूल यंत्रणेत आहेत. अनाथ प्रमाणपत्राची आणि नव्या जन्मदाखल्याची नोंद सरकारनं आपल्याच पोर्टलशी जोडावी आणि कॉलेजला फक्त ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढंच दिसावं. मूळ नोंद उघडायची गरजच राहणार नाही, आईची गोपनीयता टिकेल आणि पोराची फीसुद्धा माफ होईल. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांना हे करून पाहता येईल, आणि त्यासाठी कायदा बदलावा लागणार नाही.

तोवर घरच्यांनी काही गोष्टी वेळेत उरकाव्यात. नात्यातलं दत्तक असेल तर दत्तकपत्र नोंदवून घ्यावं. मूल शाळेत शिकत असतानाच, दहावीच्या आधी, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं रजिस्टरवरचं नाव बदलून घ्यावं. उत्पन्नाचा दाखला दत्तक वडिलांचाच काढावा, जन्मदात्यांचा नव्हे. संस्थेतली मुलं अकरावीला गेली की अधीक्षकांनी अनाथ प्रमाणपत्राचा प्रस्ताव पाठवावा, कारण बारावीच्या निकालानंतर कॅपच्या तारखा थांबत नाहीत. आणि कॉलेजमध्ये कुणी जन्माची चौकशी केली तर नवा जन्मदाखला पुढं करावा, दुसरं काही दाखवू नये.