वाढीचे संप्रेरक आणि जेवणाच्या वेळा

उपाशी राहिल्याने शरीरातील वाढीचे संप्रेरक वाढते, अशी एक गोष्ट हल्ली आमच्या तरुण मुलांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. तिच्या भरवशावर पंधरासोळा वर्षांचे मुलगे सकाळची न्याहारी टाळतात आणि उंची वाढेल, दंड भरतील, अशी आशा धरतात. गोष्ट खोटी नाही. परंतु ती अर्धीच आहे, आणि उरलेला अर्धा भाग आईबापांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

संप्रेरक, म्हणजे ज्यास डॉक्टर हार्मोन म्हणतात ते, एका ग्रंथीने रक्तात सोडलेले द्रव्य होय. दूरच्या अवयवाने त्याचा निरोप ऐकावा आणि कामास लागावे, अशी त्याची रीत. वाढीचे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून येते. ते दिवसभर एकसारखे झिरपत नाही. राहून राहून, लाटांनी येते. सर्वांत मोठी लाट रात्री पहिल्या गाढ झोपेबरोबर उठते, हे १९६८ साली अमेरिकेतील संशोधकांनी झोपलेल्या माणसांचे रक्त वेळोवेळी तपासून दाखवून दिले. झोप लांबली की ही लाटही लांबते.

अन्नाचाही या ग्रंथीवर अंमल चालतो. जेवणानंतर रक्तातील साखर चढली की ती काही काळ हात आखडता घेते. साखर फार उतरली की पुन्हा संप्रेरक सोडू लागते. साखर उतरल्यावर हे संप्रेरक वाढते, ही गोष्ट रोझलिन यॅलो, सॉलोमन बर्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. पुढे १९९९ साली जपानमधील मासायासू कोजिमा व केंजी कांगावा यांच्या मंडळींना जठरातच एक संप्रेरक सापडले. त्यास घ्रेलिन म्हणतात. जेवणापूर्वी ते रक्तात वाढते, जेवल्यावर उतरते; भूक तर लावतेच, शिवाय पीयूषिकेसही जागे करते. उपाशी माणसाच्या रक्तात वाढीचे संप्रेरक अधिक असते, ते यामुळेही.

मग उपाशी मूल उंच का होत नाही?

याचे उत्तर यकृतापाशी आहे. वाढीचे संप्रेरक यकृतास निरोप देते, आणि यकृत दुसरे एक द्रव्य तयार करते. इन्सुलिनशी साम्य असल्यामुळे त्यास इन्सुलिनसदृश वाढघटक असे नाव आहे. हाडे लांबण्याचे पुष्कळसे काम या द्रव्यामुळे होते. परंतु पोटात पुरेसे अन्न आणि प्रथिने नसतील, तर यकृत तो निरोप ऐकूनही न ऐकल्यासारखे करते. अशा वेळी वाढीचे संप्रेरक शरीरातील चरबी मोडून दिवस कसाबसा निभावून नेते. घर बांधावयास आणलेल्या गवंड्याने पडत्या भिंतीस टेकू देत बसावे, तसे हे आहे.

याचा पुरावा मोठा करुण आहे. डॉक्टर सिसिली विल्यम्स या बाईंनी १९३३ साली गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, अंगावरचे दूध तुटल्यावर मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या मुलांचा एक आजार वर्णन केला. पाय सुजतात, त्वचा सोलवटते, वाढ खुंटते. तिकडच्या लोकांच्या भाषेतून त्यास क्वाशिओरकर हे नाव मिळाले. १९६६ साली केपटाऊनच्या डॉक्टरांनी अशा मुलांचे रक्त तपासले, तेव्हा त्यात वाढीचे संप्रेरक कमी नव्हे, तर जास्त आढळले! प्रथिनयुक्त आहार सुरू झाल्यावर ते उतरले.

रात्री उशिरा जेवल्याने मुलाची वाढ मारली जाते, असेही कोणी सांगतात. तेवढे भय बाळगण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. झोपेत रक्तातील साखर मुद्दाम चढवूनही रात्रीची लाट दबत नाही, असे १९७१ सालच्या एका प्रयोगात दिसले. उशिराच्या जेवणाचा खरा तोटा असा, की मूल उशिरा निजते आणि शाळेसाठी पहाटेच उठते.

जेवण किती वेळा असावे? मोठ्या मुलांस अमुकच वेळा असा कडक नियम नाही. लहानग्यांचे मात्र वेगळे, कारण त्यांचे पोटच इवलेसे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळास आईच्या दुधाशिवाय दिवसातून दोनतीनदा, आणि नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत तीनचारदा भरवावे, मध्ये एखाददुसरे खाणे द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला फार दिवसांचा आहे. नुसती पेज पुरत नाही. तीत डाळ, अंडे, मासळी किंवा शेंगदाण्याचे कूट हवे.

शाळकरी मुलाची अडचण सकाळची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत दुपारचे शिजवलेले अन्न द्यावयाचे ठरले, ही मोठी सोय झाली. पण नुसत्या चहावर घराबाहेर पडलेल्या मुलाने दुपारपर्यंत काय करावे? रात्रीची भाकरी आणि वाटीभर उसळ त्याच्यापुढे ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.

चाळिसा दिवसांतील उपवासाचे निमित्तही काही मुले पुढे करतात. ख्रिस्तसभेच्या कायद्याने उपवासाचे बंधन अठरा वर्षे पुरी झाल्यावरच लागू होते; मांस वर्ज्य करण्याचे चौदा वर्षांनंतर. वाढत्या वयाच्या मुलास न्याहारी टाळण्यास तेथे आधार नाही.

क्वचित एखाद्या मुलाच्या ग्रंथीतच उणीव असते. जेवणाच्या वेळा बदलून ती भरून निघत नाही, त्यास डॉक्टरच हवा. चारपाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षास साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. दर वाढदिवशी दाराच्या चौकटीवर खूण करावी, आणि वर्षभरात चार सेंटिमीटरही भर पडली नाही, तर दवाखान्यात जाऊन ती खूण सांगावी.