अरण्यातील विजेचा पंचनामा

वळवाच्या पावसात वीज कोसळून माणूस किंवा गुरे दगावली, की आपल्याकडे तलाठी येतो, पंचनामा होतो आणि मदतीचा कागद तहसील कचेरीकडे रवाना होतो. परंतु त्याच विजेने रानातला एखादा वृक्ष मारला, तर त्याची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. यात अनास्थेचा भाग असेलच. तथापि मुख्य कारण असे, की तो वृक्ष बहुधा त्या दिवशी मेलेला दिसतच नाही.

विजेचा निसर्गावरील परिणाम म्हटला, की क्रमिक पुस्तकांना नत्र आठवते. सुमारे 30,000 अंश सेल्सिअस उष्णतेने हवेतील नत्र व प्राणवायू यांचा संयोग होतो आणि पावसाबरोबर नायट्रेट भूमीत उतरते, हे खरेच. पण जगभरच्या विजांचा हा वार्षिक हिशेब 20 ते 80 लाख टनांच्या घरातला, आणि रासायनिक खतांचे कारखाने त्याहून कित्येक पटींनी अधिक नत्र बांधतात. विजेची खरी हुकमत पाहायची, तर पनामात जावे.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली गेली आणि 1913 मध्ये गातून सरोवराचे पाणी चढले, तेव्हा एका टेकडीचा माथा तेवढा वर उरला. तेच बारो कोलोराडो बेट. स्मिथसोनियन संस्थेच्या या संशोधनक्षेत्रात स्टीव्ह यानोव्हियाक आणि इव्हान गोरा यांनी कॅमेरे व विद्युत्क्षेत्रमापक यंत्रे उभारून, वीज नेमकी कोठे पडली हे हुडकून, त्या त्या जागेचा तपशीलवार पंचनामा आरंभिला. वणवा जवळजवळ कोठेच नव्हता. आघात झालेल्या वृक्षाच्या शेजाऱ्यांच्या, त्याच्याच दिशेला वळलेल्या फांद्यांची टोके मात्र करपलेली. कारण प्रवाह एका शेंड्यावरून दुसऱ्यावर उडी घेतो, वेलींमधून वाहतो, आणि एकेका आघातात वीसहून अधिक झाडे जखमी होऊन त्यांतली पाचेक पुढच्या काही महिन्यांत वाळतात. साठ सेंटिमीटरांहून जाड खोडांच्या वृक्षांपैकी सुमारे 40 टक्क्यांचे मरण विजेच्याच खाती पडते, असे त्यांना आढळले. ज्या मृत्यूंचे खापर वर्षानुवर्षे वारा, कीड किंवा वार्धक्य यांच्यावर फुटत आले असेल, त्यांतील कितीतरी मृत्यूंचा हा असा खुलासा.

याहून चकित करणारी गोष्ट 2025 साली प्रसिद्ध झाली. डिप्टेरिक्स ओलिफेरा हा वृक्ष तेथे ‘आल्मेंद्रो’ म्हणून ओळखला जातो. ज्यांच्यावर थेट वीज पडली असे या जातीचे नऊच्या नऊ वृक्ष जगले. उलट इतर जातींच्या आघातग्रस्त वृक्षांपैकी 64 टक्के दोन वर्षांत मेले. एवढ्यावर भागले नाही. वाचलेल्या आल्मेंद्रोंना विळखा घालणाऱ्या वेली 78 टक्क्यांनी घटल्या, आणि प्रकाशासाठी झगडणारे सरासरी नऊहून अधिक शेजारी प्रत्येकाच्या भोवती मरून पडले, म्हणजे वैऱ्यांचा परस्पर निकाल लागला. अशा वृक्षावर सरासरी 56 वर्षांतून एकदा वीज पडते, एकावर तर पाच वर्षांत दोनदा पडली. आणि या कृपेने त्याची आयुष्यभराची बीजनिर्मिती चौदापट होत असावी, असा अंदाज आहे.

त्याच्या लाकडातून प्रवाह सुलभतेने जात असल्यामुळे घातक उष्णता निर्माण होत नसावी, हा तर्क अद्याप सिद्ध व्हायचा आहे. परंतु त्याची असाधारण उंची आणि ऐसपैस विस्तार यांमुळे वीज ओढवून घेण्याची शक्यता 68 टक्क्यांपर्यंत अधिक होते, हे गणित पाहिल्यावर, इतके उंच होण्यात सूर्यप्रकाशाखेरीज विजेचाही लोभ असेल काय, ही शंका मला तरी अगदीच निराधार वाटत नाही.