श्रीगोंद्याचे शेख, विद्यापीठाच्या वर्गात

रमजानचे दिवस आहेत. मगरिबच्या अजानीआधी खजूर आणि फळांनी भरलेल्या ताटल्या एका घरातून दुसऱ्या घरी जाऊ लागल्या आहेत. याच महिन्यात कुरआनचे अवतरण सुरू झाले आणि मुस्लिम परंपरेनुसार त्याचा पहिला शब्द होता ‘इकरा’, म्हणजे ‘वाच’. रोजा, नमाज, जकात यांच्या जोडीने वाचनाचीही आठवण करून देणारा हा महिना. त्या निमित्ताने आपल्याच मातीतल्या एका शेखांना अभ्यासकांनी कसे वाचले, हे पाहण्यासारखे आहे.

शेख महंमद हे नगर जिल्ह्यातील श्रीगोंद्याचे. त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ शके १५६७ मध्ये, म्हणजे इ. स. १६४५ मध्ये पूर्ण केला. मालोजीराजे भोसले त्यांचे शिष्य होते, असे परंपरा सांगते. स्वतःला ते ‘अविंध’ म्हणवतात. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. जुन्या मराठीत मुसलमानासाठी हा शब्द होता. असा हा अविंध आपल्या हृदयात गोविंद आहे, असे बेधडक सांगतो. पण आपले नाव बदलत नाही आणि आपली जातही लपवत नाही.

त्यांचे वाङ्मय विसाव्या शतकात नीट छापून आले ते इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांच्या संपादनातून. पुढे रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक लिहिले आणि शेख महंमद एकटे नव्हते, हे वाचकांना कळले. गीतेवर मराठीत टीका लिहिणारे हुसेन अंबरखान आहेत, ‘सिद्धान्तबोध’ लिहिणारे शहा मुनी आहेत.

मग परदेशातील विद्यापीठांचेही लक्ष इकडे वळले. अमेरिकेतील कार्लटन कॉलेजच्या एलिनॉर झेलियट यांनी एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’चा इंग्रजी अनुवाद केला. तो १९८२ मध्ये एका ग्रंथात आला. या भारुडात हिंदू आणि तुर्क एकमेकांच्या देवधर्माची उणीदुणी काढतात, अगदी हातघाईवर येतात आणि शेवटी गळाभेट घेतात. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे न. का. वागळे यांनी मध्ययुगीन महाराष्ट्रातील हिंदू-मुस्लिम व्यवहारांवर लिहिले. स्लोव्हाकियातील कोमेनियस विद्यापीठाचे दुशान देआक यांनी तर मराठी संतचरित्रांतल्या फकिराचाच माग काढला. एकनाथांच्या चरित्रात दत्त मलंगाच्या वेशात येतात, ही कथा अनेक घरांत ठाऊक आहे. देआक यांच्या एका लेखाचे शीर्षकच असा प्रश्न विचारते, की हा ‘शहादत’ की ‘शहा दत्त’?

हा प्रश्न नुसत्या शब्दांचा नाही. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी. त्यांचे गुरू कोण? ‘योगसंग्रामा’त शेख महंमद आपल्या सद्गुरूंचे, चांद बोधले यांचे, नाव घेतात. त्यांनीच जनोपंतांचा स्वीकार केला आणि जनोपंतांनी एकनाथांना उपदेश दिला, असेही ते सांगतात. चांद बोधले यांना काही जण कादिरी सूफी मानतात, तर काही दत्तभक्त. श्रद्धेला एकच उत्तर हवे असते. संशोधक मात्र विचारतो, ही ओळ कोणत्या पोथीत आहे? ती पोथी केव्हा लिहिली? नंतरच्या चरित्रकाराने काय गाळले, काय घातले?

आज एखाद्या जुन्या समाधीवर किंवा दर्ग्यावर ‘हे आमचे की तुमचे’ असा वाद उभा राहतो, तेव्हा या कामाची किंमत कळते. संशोधन निवाडा देत नाही. पण पूर्वजांनी ज्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिले नाही, त्याला आपण घोषणेने उत्तर देऊ नये, एवढे तरी ते शिकवते. ‘सगळे धर्म एकच’ हे गोड वाक्यही ते तपासून घेते. शेख महंमदांनी दोन्हीकडच्या ढोंगावर कोरडे ओढले आहेत. ते कोणाच्याही सोयीचे नाहीत.

अडचण आहे ती वाचणाऱ्यांची. या विषयाला मोडी हवी, जुनी मराठी हवी, फारसी आणि दखनीही हवी. एकाच विद्यार्थ्याला हे सारे येते, असे क्वचित घडते. मराठीचा विद्यार्थी फारसीच्या वर्गाकडे फिरकत नाही आणि उर्दूचा विद्यार्थी ओवी परकी मानतो. मानव्यशाखेला जाऊन पुढे काय करणार, असा प्रश्न दोन्ही घरांतले पालक मात्र सारख्याच काळजीने विचारतात.

तरीही एखाद्या रफिकने ‘योगसंग्राम’ उघडावा, एखाद्या रेश्माने किंवा रोहिणीने फारसी अलिफ-बे गिरवावे. इफ्तारच्या ताटल्या शेजारी पोचतातच. पोथ्याही तशाच पोचायला हव्यात. ‘वाच’ हा आदेश कोणत्या लिपीत वाचावे, हे सांगत नाही.