परतीचा पाऊस: ओलपाडचा भात, खानदेशचा कापूस

सप्टेंबर संपत आला की सुरतेतल्या मराठी घरांमध्ये फोनवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "पानी उना का?" लिंबायत, उधना, डिंडोली या भागात राहणारी आपली बरीच मंडळी जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. इथे लूमवर नाहीतर साडीच्या मार्केटमध्ये काम, आणि तिकडे गावी भावाच्या किंवा काकांच्या नावावर चार-पाच एकर. माझं आजोळ शिंदखेडा तालुक्यातलं, त्यामुळे हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गंमत म्हणजे, "हो, उना" असं उत्तर आलं की आई एखाद्या वर्षी खूश व्हायची आणि एखाद्या वर्षी कपाळाला हात लावायची. महिना तोच, पाऊस तोच, मग असं का? ते समजून घेताना जे हाती लागलं, ते इथे मांडते.

पाऊस परत जातो म्हणजे काय?

नैर्ऋत्य मोसमी वारे राजस्थानच्या पश्चिम टोकाकडून माघार घ्यायला लागतात. ही माघार १ सप्टेंबरला सुरू होते असं पूर्वी धरलं जायचं. हवामान खात्याने २०२० मध्ये तारखा सुधारल्या आणि ती १७ सप्टेंबर केली. मुंबईतून पाऊस जाण्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर आहे, आणि देशभरातून तो साधारण १५ ऑक्टोबरपर्यंत जातो. म्हणजे पाऊस उशिरापर्यंत रेंगाळतो, ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार अगदीच हवेतली नाही.

या दिवसांत आभाळ मोकळं होतं, पण जमीन ओलीच असते. ऊन कडक, हवेत दमटपणा, वारा पडलेला. यालाच आपण ऑक्टोबर हीट म्हणतो. दुपारी तापलेली दमट हवा वर चढते, संध्याकाळी ढग गडगडतात आणि तासाभरात धो-धो पाऊस पडून जातो. सूर्य तेव्हा हस्त नक्षत्रात असतो. आपण त्याला हत्तीचा पाऊस म्हणतो, इथले गुजराती शेतकरी 'हाथियो' म्हणतात.

दुसरा पाऊस येतो तो अरबी समुद्रातून. या समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, एक मे-जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ सुरतच्या किनाऱ्याकडे आलं होतं, पण पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरला. हा समुद्रावरचा पाऊस एक-दोन तासांत आटपत नाही. दोन-दोन, चार-चार दिवस आभाळ भरून राहतं, आणि शेतकऱ्याला खरी धास्ती त्याचीच असते.

पीक कुठल्या वयात आहे?

"पडल्या स्वाती तर पिकतील माणिक-मोती" ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. स्वाती नक्षत्र येतं ऑक्टोबरच्या शेवटी. पण हे माणिक-मोती सगळ्यांच्या शेतात पिकत नाहीत. त्या वेळी शेतात कोणतं पीक आहे आणि ते किती वाढलंय, यावर सगळं ठरतं.

सुरतच्या उत्तरेला ओलपाड तालुक्यात भात घेतात. ऑक्टोबरमध्ये दाणा भरून पिवळा झालेला असतो. आता त्याला पाणी नको, कोरडं ऊन हवं. पाऊस-वाऱ्याने पीक आडवं झालं आणि लोंब्या चिखलात पडल्या, की दाणा काळा पडतो, कधी लोंबीतच कोंब फुटतो. कापून वाळत टाकलेला भात भिजला तर त्याहून वाईट, कारण तोवर सगळा खर्च होऊन गेलेला असतो. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. त्याच्या वर गेलं की माल परत, नाहीतर व्यापारी सांगेल तो भाव.

खानदेशात कापसाचंही तसंच. बोंडं फुटली की रोप म्हणजे उघड्यावर ठेवलेलं कापसाचं दुकानच. पावसाने फुटलेला कापूस भिजून पिवळट पडतो, खालची हिरवी बोंडं सडतात, आणि हाती लागते कवडी. कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, १२ टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला कापूस हमीभावाने घेत नाही. दिवाळीचा खर्च पहिल्या वेचणीवर बेतलेला असतो, म्हणून हा फटका थेट घरात जाणवतो.

आता त्याच गावात बांधापलीकडे बघा. तिथे दादर ज्वारी किंवा हरभरा पेरायचा आहे. दादर प्रामुख्याने जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. परतीचा पाऊस नीट झाला नाही तर कोरडवाहू रब्बी जवळजवळ संपलीच म्हणायची. मात्र पाऊस पडला की लगेच पेरता येत नाही. जमिनीतलं जास्तीचं पाणी निघून माती भुसभुशीत व्हावी लागते, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. पाऊस थांबून-थांबून येत राहिला तर वाफसाच होत नाही आणि पेरणी पुढे ढकलली जाते. सुरतकरांना याची कल्पना पोंकावरून येईल. आपला हुरडा तोच इथला पोंक. पाऊस लांबला की ज्वारी उशिरा होते आणि पोंकही उशिरा येतो.

बारडोलीकडे ऊस. तिथला सहकारी साखर कारखाना १९५५ साली स्थापन झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकीकडे नव्या उसाची लागवड असते आणि दुसरीकडे गाळपाची तयारी. उसात साखर नीट उतरायला कोरडी हवा आणि गार रात्री लागतात. पाऊस लांबला तर लागवड अडते, शेतात ट्रक जात नाही, तोड थांबते. तोडणीला येणारे कामगार डांगमधले, तसेच आपल्या धुळे-नंदुरबारकडचे आदिवासी. त्यांनी उचल आधीच घेतलेली असते आणि मजुरी मिळते तोडलेल्या उसाच्या टनावर. तोड बंद म्हणजे मजुरी बंद, पण खाणं काही बंद होत नाही. कर्ज तेवढं वाढतं. पावसाच्या नुकसानीचा हिशेब करताना ही माणसं बहुतेक वेळा मोजलीच जात नाहीत.

तापीचा धागा

या सगळ्यांना बांधणारी आहे ती तापी. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून ती ७२४ किलोमीटर वाहते, खानदेशातून उकाईला येते आणि सुरतजवळ समुद्राला मिळते. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणलोट क्षेत्र सुमारे ६२ हजार चौरस किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात. पूर आला तर जागा असावी म्हणून भर पावसाळ्यात धरण काठोकाठ भरत नाहीत. ऑगस्ट २००६ चा पूर सुरत विसरलेली नाही. ३४५ फुटांची पूर्ण पातळी गाठायची ती पावसाळा ओसरताना. म्हणजे खानदेशात जो उशिराचा पाऊस मामांचा कापूस भिजवतो, तोच उकाईत साठून काकरापारच्या कालव्यांनी बारडोलीच्या उसाला उन्हाळ्यात पाणी देतो. पाऊस एकच, पण नफा-तोटा दोन ठिकाणी.

१५ ऑक्टोबरची रेघ

सरकारनेही अवकाळी पावसाची व्याख्या केली आहे. गुजरातने २०२० मध्ये मुख्यमंत्री किसान सहाय योजना जाहीर केली. तिच्या नियमांनुसार १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळात सलग ४८ तासांत ५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला आणि पिकाचं नुकसान झालं, तर ती अवकाळी आपत्ती. पण पिकलेल्या भाताला ५० मिलिमीटर लागत नाहीत. रोज थोडाथोडा, चार दिवस भुरभुर पाऊस आला तरी वाळत घातलेला भात जातो. नियम पाऊस मोजतो, शेतकरी दाणा बघतो. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी असाच मोठा पाऊस गुजरातभर झाला आणि सरकारला १० हजार कोटी रुपयांचं वेगळं पॅकेज जाहीर करावं लागलं.

पाऊस थांबवणं कुणाच्या हातात नाही, पण दोन दिवस आधी कळलं तरी पुष्कळ वाचतं. कापणी पुढे ढकलता येते, फुटलेला कापूस वेचून आत घेता येतो, पेरणी थांबवता येते. हवामान खातं कृषी विद्यापीठांच्या मदतीने दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार कृषी सल्ला देतं, मोबाईलवर 'मेघदूत' ॲपवरही तो मिळतो. गावाकडच्या वयस्कर माणसांपर्यंत तो पोचतोच असं नाही. आपल्यापैकी ज्यांची शेती तिकडे आहे, त्यांनी ऑक्टोबरभर आठवड्यातून दोनदा तो वाचून गावी कळवला, तर फार काही लागत नाही, पाचेक मिनिटं. एक वेचणी वाचली तर घरची दिवाळी वाचते.